कोकणातून आल्प्सकडे: रेल्वेने तीन आठवड्यांचा प्रवास कसा आखाल

बारा-पंधरा दिवसांत सात-आठ देश दाखवणाऱ्या सहलींच्या जाहिराती आता चिपळूण, रत्नागिरी, कुडाळपर्यंत पोचल्या आहेत. त्यात जेवणाखाण्याची काळजी नसते हे खरं, पण बघण्यापेक्षा उतर-चढच जास्त होते. रोह्यापासून मडुऱ्यापर्यंत खिडकीची जागा धरून प्रवास केलेल्या माणसाला गाडीतून मुलूख बघण्यातलं सुख वेगळं सांगायला नको. तेच सुख युरोपात स्वतः आखून घेता येतं, त्यासाठी इंग्रजी फाडफाड यावं लागत नाही. फक्त तयारी सहा-सात महिने आधी सुरू करावी लागते, आणि तीन गोष्टी धरून ठेवाव्या लागतात: मुक्कामाची गावं कमी, लांबचा प्रवास दिवसाउजेडी, आणि रोज थोडा वेळ मोकळा.

आधी महिना ठरवा

आपल्याकडे ही पहिली अडचण असते. मार्च ते मे आंबा, मग पेरणी-लावणी, मग गणपती, ऑक्टोबरात भातकापणी. बागायतदाराला किंवा शेती असलेल्या घराला तीन आठवडे सलग मिळतात ते दोनदाच: मे अखेरीस आंबा आटोपला की जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, नाहीतर गणपती विसर्जनानंतर कापणीपर्यंत.

माझं मत गणपतीनंतरच्या दिवसांना. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आल्प्समधली ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, हवा थंड पण सोसेल इतकी, आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी एप्रिल-मेसारखी झुंबड नसते. जूनमध्ये दिवस खूप मोठा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड, हा त्याचा फायदा. पण उंचावरच्या काही पायवाटांवर तेव्हा अजून बर्फ असतो. डिसेंबर-जानेवारी पहिल्या प्रवासाला नको. साडेचार-पाचला अंधार पडतो आणि खिडकीतून बघायला निघालेल्या माणसाचे निम्मे तास वाया जातात.

नकाशावर एकच रेघ ओढा

कागदी नकाशा घ्या किंवा मोबाइलवर उघडा, पण रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ द्या. जिथे उतरलो तिथेच परत येऊन विमान धरायचं म्हटलं की दोन दिवस आणि बरेच पैसे जातात. विमानाचं तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडला की जाताना एका शहरात आणि येताना दुसऱ्या शहरातून असं एकत्र तिकीट मिळतं. त्याची किंमत बहुतेक वेळा साध्या जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या आसपासच असते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा मार्ग सुचवेन: झुरिकला उतरायचं, ल्युसर्नमध्ये ६ रात्री, खूर गावात २, इटलीत कोमो सरोवराकाठी वारेन्ना येथे २, व्हेरोनात ३, मग ऑस्ट्रियात साल्झबुर्गला ४ आणि व्हिएन्नात ३. एकूण २० रात्री, सहा मुक्काम, तीन देश. पॅरिस, रोम यात नाहीत म्हणून वाईट वाटेल. पण ती ओढून-ताणून बसवली की प्रवास पुन्हा जाहिरातीतल्या सहलीसारखा होतो.

ल्युसर्नला सहा रात्री कशाला, असं विचारतात. कारण तिथून रोज सकाळी रिकाम्या हाताने निघून संध्याकाळी परत येता येतं. बोटीने व्हिट्झनाऊ आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने रिगी डोंगर. ही १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे. एक दिवस ब्र्यूनिग खिंडीतून इंटरलाकेन. एक दिवस बर्न शहर. पाऊस लागला तर स्टेशनासमोरून बोटीने जाता येईल असं वाहतूक संग्रहालय आहे, तिथे जुनी इंजिनं बघत अख्खा दिवस जातो. बॅग रोज भरावी लागत नाही, हे साठीच्या पुढच्या माणसांना किती सोयीचं पडतं ते तिथे गेल्यावरच कळतं.

खूरला दोन रात्री राहायचं ते बेर्निना मार्गासाठी. या संपूर्ण प्रवासातली सगळ्यात सुंदर गाडी हीच, म्हणून तिला नीट वेळ द्या. खूरहून सेंट मॉरिट्झकडे जाताना लँडवासर पूल लागतो. ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, दगडी, वळणदार, आणि पूल संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्यातच. रत्नागिरीजवळचा आपला पानवल पूल ६४ मीटर उंच आहे, म्हणजे उंची जवळपास तीच. आपला काँक्रीटचा, नव्वदच्या दशकातला, तर त्यांचा १९०२ सालचा. पानवलवरून जाताना पोटात जो खड्डा पडतो, तो तिथेही पडेल. पुढे गाडी ओस्पित्सिओ बेर्निना या २,२५३ मीटर उंचीवरच्या स्टेशनापर्यंत चढते, दातेरी रूळ न वापरता, आणि मग ब्रूसिओच्या गोल पुलावर स्वतःभोवती फेरी मारत इटलीतल्या तिरानोला उतरते. २००८ साली युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशात घेतला.

इथे एक गोष्ट पैसे वाचवणारी आणि प्रवास चांगला करणारी, दोन्ही आहे. मोठ्या काचांची ‘बेर्निना एक्स्प्रेस’ घ्यायची तर तिकिटाखेरीज वेगळं आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही दर तासाला जातात, त्यांना आरक्षण लागत नाही. वाटेत गाडी बदलावी लागते एवढंच. साध्या गाडीच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेची चमक येत नाही. मधे आल्प ग्र्यूम स्टेशनावर उतरून समोरची हिमनदी बघत बसा आणि पुढची गाडी धरा. खूरहून जाताना उजव्या बाजूची जागा धरा.

व्हिसा: दिवस मोजून अर्ज करा

हे तिन्ही देश शेंगेन गटात येतात, त्यामुळे व्हिसा एकच. २०२५ च्या सुरुवातीपासून या गटात २९ देश आहेत. ब्रिटन त्यात नाही, लंडन जोडायचं असेल तर वेगळा व्हिसा, वेगळा खर्च. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यावर बरेच जण अडखळतात. जिथे सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. वरच्या आखणीत स्वित्झर्लंड ८, ऑस्ट्रिया ७, इटली ५, म्हणून स्वित्झर्लंड. ल्युसर्नच्या दोन रात्री कमी करून व्हिएन्नाला दिल्या की सगळा अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो, तेव्हा रात्री आधी पक्क्या करा, मग फॉर्म उघडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी झालाच पाहिजे. पण शेवटच्या पंधरवड्यावर कोणी भिस्त ठेवू नये. अडीच-तीन महिने आधीचा मुहूर्त बरा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं, कोकणातल्या बहुतेकांसाठी म्हणजे मुंबईला. पासपोर्ट आणायला दुसरी खेप नको असेल तर कुरिअरचे पैसे भरून तो घरी मागवा, फक्त आपल्या पिनकोडला ती सेवा आहे का ते आधी विचारा.

कागदपत्रांत शेती-बागायतीवाल्यांना एक जास्तीचं काम असतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसतो, त्यामुळे विवरणपत्रातला आकडा लहान दिसतो आणि खर्च मात्र मोठा. हे अंतर कागदाने भरून काढा: सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, आंबा-काजू विकल्याच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि सोबत आपली परिस्थिती सरळ शब्दांत सांगणारं एक पत्र. अर्जाआधी चार दिवस कोणाकडून मोठी रक्कम खात्यात घेऊन ठेवू नका, ती लगेच डोळ्यात भरते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडचण वेगळी: पासपोर्टवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल सगळं पासपोर्टवरच्याच नावाने काढा आणि विवाह नोंदणी दाखला जोडा.

व्हिसा आला की त्यावरच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस दोन्ही वाचा. तारखांची मुदत मोठी आणि दिवस कमी, असं असू शकतं. पोचलात आणि निघालात ते दोन्ही दिवस धरले जातात, म्हणजे आपल्या २० रात्री २१ दिवस होतात.

पास की सुटं तिकीट

आपल्याला तिकीट म्हटलं की साठ दिवस आधी सकाळी आठला लॉगिन, मग वेटिंग किती, आरएसी आहे का, हेच डोळ्यांपुढे येतं. तिथे वेटिंग लिस्ट नाही. जवळपासच्या साध्या गाड्यांची तिकिटं संपतच नाहीत, जाऊन बसायचं. लांबच्या जलद गाड्यांत मात्र विमानासारखं असतं, लवकर काढलं तर स्वस्त, शेवटच्या दिवशी महाग.

युरोपच्या पासची दोन नावं कानावर येतात. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी, आपल्यासाठी युरेल. तो ३३ देशांत चालतो. ठरावीक दिवस वापरायचा (उदाहरणार्थ एका महिन्यात कोणतेही ७ दिवस) किंवा सलग चालणारा, असे प्रकार आहेत. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि ६० च्या पुढच्यांना तो थोडा स्वस्त पडतो, आणि ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर फुकट मिळतो. पण पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्स-स्पेनच्या वेगवान गाड्यांत, लंडन-पॅरिस जोडणाऱ्या युरोस्टारमध्ये आणि रात्रीच्या गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि फ्रान्सच्या काही गाड्यांत पासवाल्यांचा कोटा लवकर संपतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना सक्ती नाही. दर दोन-तीन दिवसांनी लांब पल्ला गाठणार असाल आणि तारखा पक्क्या नसतील तर युरेल घ्या.

आपल्या आखणीला तो परवडत नाही, कारण लांबचे प्रवास मोजकेच आहेत. इथे ८ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास चांगला. त्यात गाड्या, सरोवरातल्या बोटी, शहरातल्या बस, पाचशेहून जास्त संग्रहालयं आणि रिगीची डोंगरगाडीसुद्धा येते. बाकी बऱ्याच डोंगरी गाड्यांना निम्मी सवलत आहे, युंगफ्राऊयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनाच्या गाडीला मात्र फक्त पाव. हा पास बेर्निना मार्गावर तिरानोपर्यंत चालतो. आठ रात्री म्हणजे नऊ दिवस होतात, म्हणून पोचल्या दिवशी विमानतळावरून ल्युसर्नचं साधं तिकीट काढा आणि पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. मग नवव्या दिवशी तिरानोला उतरेपर्यंत तो पुरतो. हा पास आधी घेतला म्हणून स्वस्त होत नाही, तेव्हा व्हिसा हाती आल्यावर घ्या.

इटली आणि ऑस्ट्रियात सुटी तिकिटं. तिरानोहून वारेन्ना आणि वारेन्नाहून मिलान साधी गाडी, आगाऊ काढायची गरज नाही. मिलानहून व्हेरोना जलद गाडीने साधारण सव्वा तास. व्हेरोनाहून एक दिवस व्हेनिस, तेही सव्वा तासावर. व्हेरोना ते साल्झबुर्ग हा दिवसाचा मोठा टप्पा, ब्रेनर खिंडीवरून इन्सब्रुक आणि तिथे गाडी बदल. हे तिकीट आणि साल्झबुर्ग-व्हिएन्ना, ही दोन व्हिसा आल्याबरोबर काढा, ऑस्ट्रियन रेल्वेची सवलतीची तिकिटं लवकर संपतात. ती ठरलेल्या गाडीपुरतीच असतात, एवढं लक्षात ठेवा.

रात्रीच्या गाडीने हॉटेलचा खर्च वाचतो हे खरं आहे. पण ज्या डोंगरांसाठी एवढ्या लांब आलो ते अंधारात मागे जातात, म्हणून या मार्गावर मी ती घेणार नाही.

राहण्याबद्दल थोडक्यात: स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत, लिफ्ट आहे का ते बघून, आणि रद्द करता येईल असं. स्वित्झर्लंडमध्ये स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. साध्या हॉटेलात एका माणसाच्या जेवणाला वीस-तीस फ्रँक सहज जातात. ल्युसर्नसारख्या गावांत हॉटेलकडून पाहुण्यांना मिळणाऱ्या कार्डावर गावातली बस फुकट असते, ते मागून घ्या.

घर ते सहार विमानतळ

गणपतीनंतर निघालात तरी कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तोवर चालू असू शकतं. तिकीट काढल्यावर बदललेली वेळ पुन्हा तपासा. दरड आली की गाडी कुठे आणि किती थांबेल ते कोणाच्या हातात नसतं. विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा आणि ठाण्या-अंधेरीकडच्या नातेवाइकांकडे रात्र काढा. सकाळची गाडी धरून रात्रीचं विमान, हा हिशेब पावसात करू नका. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला उडून पुढचं विमान धरता येईल, पण दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तरच. परतीतही मुंबईत उतरल्यावर तीन तासांत सुटणारी गाडी ठेवू नका.

बॅगेत काय आणि काय नाही

प्रत्येकी एक बॅग, चाकांची, आणि ती स्वतःला तीन पायऱ्या उचलून चढवता येईल एवढीच. हमाल नाहीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचा बहुतेक ठिकाणी बसतो. औषधांसोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

खाण्याचं सामान मात्र नीट निवडा, कारण युरोपात नियम कडक आहेत. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याचे मोदक घरीच. फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यामुळे पाहुण्यांसाठी हापूसची पेटी नेता येणार नाही. ज्या पाच फळांना दाखला लागत नाही त्यांत आपला नारळ आहे, बाकी केळं, अननस, खजूर आणि दुरियान. सुकी मासळी नियमात बसली तरी नेऊ नका, गाडीच्या बंद डब्यात आणि हॉटेलच्या खोलीत तिचा वास दुसऱ्यांना सहन होत नाही. कुळथाचं पीठ, भाजणी, मेतकूट, सुकी चटणी, आमसुलं हे मात्र जरूर न्या. दिवसभर सँडविच खाल्ल्यावर रात्री गरम पिठी-भात पोटात गेला की थकवा उतरतो. तांदूळ स्वित्झर्लंडमधल्या कोऑप, मिग्रोस या दुकानांत मिळतो. रविवारी ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी, म्हणून शनिवारी खरेदी करा. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

पैशांसाठी परकीय चलन भरलेलं फॉरेक्स कार्ड, थोडे युरो आणि थोडे स्विस फ्रँक रोख. कार्ड यंत्रावर ‘रुपयांत की युरोत’ असं आलं तर तिथलं चलन निवडा, रुपयांचा दर महाग लावतात.

फलाटावर

पहिल्या दिवशी गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनात जा आणि सगळं निरखून बघा. मोठ्या फलकावर गाडीची वेळ, शेवटचं स्टेशन आणि फलाट असतो. तुमचं गाव शेवटचं नसेल तर ते मोठ्या अक्षरात दिसणार नाही, म्हणून गाडीचा नंबर टिपून ठेवा. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात आणि कोणता डबा कुठे येईल ते पडद्यावर दाखवतात. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं, हे माहीत नसल्यामुळे माणसं बंद दारासमोर उभी राहतात.

काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटतात आणि वेगवेगळ्या गावांना जातात. आपल्या डब्यावर आपल्या गावाचं नाव आहे का ते चढण्याआधी वाचा, आणि चढल्यावर तिकीट तपासनीसाला विचारा. इटलीत साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. मिलानला खिसेकापू फार, पासपोर्ट शर्टाच्या आत ठेवा. स्वच्छतागृहाला नाणं लागतं.

तिरानोला गोंधळू नका. लाल डोंगरी गाडी एका स्टेशनात थांबते, इटलीची गाडी शेजारच्या दुसऱ्या स्टेशनातून सुटते, चालत दोन-तीन मिनिटं. मिलानच्या दिशेने जाताना कोमो सरोवर उजव्या हाताला असतं.

गाडी चुकली तर घाबरू नका. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी तासाभरात पुढची असते आणि पास असल्यामुळे काही भरावं लागत नाही. एकाच तिकिटावर दोन गाड्या असतील आणि पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची. खिडकीवर जाऊन तिकिटावर तसं लिहून किंवा शिक्का मारून घ्या. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे साधारणपणे एक तासाच्या उशिराला भाड्याचा पाव भाग आणि दोन तासांच्या उशिराला निम्मा भाग परत मागता येतो, त्यासाठी तिकीट जपून ठेवा. इटलीत अधूनमधून रेल्वेचा संप असतो, पण तो आधी जाहीर होतो. व्हेरोनाला पोचल्यावर हॉटेलात विचारा, की आपण निघणार त्या दिवशी संप आहे का. असला तर एक दिवस आधी किंवा नंतर निघण्याची सोय करा. साल्झबुर्गच्या चार रात्रींतली एक त्यासाठीच मोकळी ठेवली आहे.